गाउस आणि सतरा ही संख्या

उत्तर जर्मनीतील ब्राउनश्वाइग या शहरात १७७७ साली एका गरीब कुटुंबात कार्ल फ्रीडरिश गाउस यांचा जन्म झाला. वडील गेबहार्ड हे कधी बागकाम, कधी गवंडीकाम, असे मिळेल ते काम करून संसार चालवीत. आई डोरोथेआ हिला अक्षरओळख जेमतेमच होती. मुलाची जन्मतारीख तिने कोठेही टिपून ठेवली नव्हती. तो बुधवारी जन्मला आणि त्यानंतर आठ दिवसांनी येशूच्या स्वर्गारोहणाचा सण आला, एवढेच तिच्या स्मरणात होते. हा सण ईस्टरवर अवलंबून असतो आणि ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते. पुढे मोठेपणी गाउस यांनी कोणत्याही वर्षीच्या ईस्टरची तारीख काढण्याची रीत शोधली. आईच्या आठवणीला या रीतीची जोड दिली की तारीख मिळते ३० एप्रिल. ज्याची जन्मतारीखही गणिताने सांगावी लागली, त्या मुलाचे सारे आयुष्य पुढे गणिताचेच झाले.

कार्ल सातव्या वर्षी शाळेत जाऊ लागला. ब्युटनर नावाचे कडक शिस्तीचे शिक्षक तेथे शिकवीत. त्यांच्या वर्गातील एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. मुले बराच वेळ गुंतून राहावीत म्हणून गुरुजींनी एक लांबलचक बेरीज घातली. ती १ पासून १०० पर्यंतच्या सर्व संख्यांची होती, असे बहुतेक जण सांगतात. इतर मुले एकेक संख्या मिळवीत बसली. कार्लने मात्र क्षणात पाटी पुढे ठेवली. १ आणि १००, २ आणि ९९, ३ आणि ९८ अशा जोड्या लावल्या की प्रत्येक जोडीची बेरीज १०१ होते आणि अशा ५० जोड्या पडतात. म्हणून उत्तर ५०५०. या गोष्टीतील तपशील काळाच्या ओघात बदलले असतील. परंतु संख्यांच्या गर्दीत दडलेली मांडणी ओळखण्याची जी दृष्टी तीत दिसते, ती गाउस यांच्या पुढील प्रत्येक शोधात आढळते.

ब्युटनर यांनी या विद्यार्थ्याची योग्यता ओळखली. त्यांचा मदतनीस मार्टिन बार्टेल्स हा कार्लपेक्षा आठच वर्षांनी मोठा होता. दोघे मिळून गणिताची पुस्तके वाचू लागले. घरी मात्र निराळा विचार चालू होता. मुलाने लवकर हाताशी यावे, कष्टाचे काम शिकून चार पैसे मिळवावेत, अशी वडिलांची अपेक्षा होती. त्या काळच्या गरीब घरात ती अस्वाभाविक नव्हती. आईचा ओढा मुलाच्या शिक्षणाकडे होता. अखेर या हुशार मुलाची वार्ता ब्राउनश्वाइगचे ड्यूक कार्ल विल्हेल्म फर्डिनांड यांच्या कानी गेली. १७९१ साली चौदा वर्षांच्या कार्लला त्यांच्यापुढे नेण्यात आले आणि ड्यूकनी त्याच्या शिक्षणाचा खर्च उचलला.

१७९२ पासून तीन वर्षे कार्ल आपल्याच शहरातील कोलेगियम कारोलिनम या विद्यालयात शिकला. तेथे त्याने न्यूटन, ऑयलर आणि लाग्रांज यांचे ग्रंथ वाचले. त्याचबरोबर ग्रीक, लॅटिन व अन्य भाषांमध्येही त्याने विलक्षण गती मिळवली. १७९५ साली तो ग्यॉटिंगेनच्या विद्यापीठात दाखल झाला, तेव्हा त्याच्यापुढे एक अवघड प्रश्न उभा होता. प्राचीन भाषांचा अभ्यास करावा की गणिताचा? ग्यॉटिंगेनमध्ये हायने हे भाषाशास्त्राचे नामवंत प्राध्यापक होते आणि त्यांच्या व्याख्यानांनी तो भारावून गेला होता. भाषापंडिताला शिक्षकाची नोकरी मिळण्याची शक्यताही अधिक होती. गणितावर उपजीविका कशी करावी, हे मात्र कोणी सांगू शकत नव्हते. निर्णय लांबणीवर पडत होता. तो ज्या प्रश्नाने लागला, त्याच्या केंद्रस्थानी १७ ही संख्या होती.

तो प्रश्न दोन हजार वर्षांचा जुना होता. खुणा नसलेली सरळ पट्टी आणि कंपास, एवढीच साधने घेऊन वर्तुळाचे सारखे भाग पाडायचे आणि त्या बिंदूंना जोडून सुसम बहुभुज काढायचा. ज्याच्या सर्व बाजू आणि सर्व कोन सारखे असतात, त्याला सुसम बहुभुज म्हणतात. प्राचीन ग्रीकांना समभुज त्रिकोण, चौरस आणि सुसम पंचकोन काढता येत होते. त्रिकोण आणि पंचकोन यांच्या साहाय्याने १५ बाजूंची आकृतीही युक्लिडच्या ग्रंथात काढून दाखवलेली आहे. शिवाय कोणताही कोन कंपासाने दुभागता येतो. त्यामुळे ६, ८, १०, १२, १६ अशा दुप्पट बाजूंच्या आकृत्या सहज मिळतात. पण ७, ११, १३, १७ या संख्यांपाशी सारे अडले होते. कोनमापक घेऊन ३६० अंशांचे १७ भाग करू पाहिले, तर प्रत्येक भाग २१ अंशांहून थोडा अधिक येतो आणि त्या अपूर्णांकाला शेवटच नसतो. तशी आकृती डोळ्यांना नीट दिसेल. पण ती अंदाजाची आकृती होय. गणिताला अचूक आकृती हवी होती. जे ग्रीकांना साधले नाही ते साधणारच नाही, असे बहुतेकांनी गृहीत धरले होते.

१७ ही मूळ संख्या आहे. म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येने तिला पूर्ण भाग जात नाही. मूळ संख्या अगणित आहेत. मग १७ मध्ये वेगळे काय? तिच्यातून १ वजा केला की १६ उरतात आणि १६ म्हणजे २ × २ × २ × २. दुसऱ्या कोणत्याही मूळ संख्येचा त्यात शिरकाव नाही. सतराव्या शतकातील फ्रेंच गणितज्ञ पिएर द फर्मा यांचे लक्ष अशा संख्यांकडे गेले होते. २ चा वर्ग ४, ४ चा वर्ग १६, १६ चा वर्ग २५६, २५६ चा वर्ग ६५,५३६. या रांगेतील प्रत्येक संख्येत १ मिळवला की ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या मिळतात आणि त्या पाचही मूळ आहेत. पुढच्याही सर्व संख्या मूळच असतील, असे फर्मा यांना वाटत होते. १७३२ साली ऑयलर यांनी हा समज खोटा ठरवला. रांगेतील पुढची संख्या ४,२९,४९,६७,२९७ ही असून तिला ६४१ ने पूर्ण भाग जातो, हे त्यांनी दाखवले. त्यानंतर या संख्या एक गमतीचा विषय म्हणून उरल्या. भूमितीतील जुन्या कोड्याशी त्यांचा काही संबंध असेल, अशी शंकाही कोणाला आली नव्हती.

२९ मार्च १७९६ रोजी कार्ल सुटीनिमित्त ब्राउनश्वाइगला आला होता. वयाची १९ वर्षे पूर्ण होण्यास एक महिना उरला होता. वर्तुळाच्या समान भागांचा विचार तो बरेच दिवस करीत होता. त्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वीच त्याला उलगडा झाला.

हा उलगडा समजून घेण्यासाठी १ एवढी त्रिज्या असलेले वर्तुळ डोळ्यांपुढे आणावे. त्यावर सारख्या अंतराने १७ बिंदू आहेत. अगदी उजवीकडच्या बिंदूला ० हा क्रमांक द्यावा आणि पुढच्यांना ओळीने १ ते १६. प्रत्येक बिंदू वर्तुळमध्यापासून आडव्या दिशेने किती दूर आहे ते पाहावे. उजवीकडील अंतर धन आणि डावीकडील ऋण मानावे. बिंदू सारखे पसरलेले असल्याने सर्व १७ अंतरांची बेरीज शून्य येते. क्रमांक ० चे अंतर १ आहे. म्हणून उरलेल्या १६ बिंदूंच्या अंतरांची बेरीज उणे १ होते. एवढे कोणालाही कळेल. खरी अडचण पुढे होती. या १६ अंतरांपैकी एक तरी नेमके कळल्याशिवाय आकृती काढता येत नाही.

कार्लने हे १६ क्रमांक नेहमीच्या ओळीत न ठेवता निराळ्या क्रमाने मांडले. १ पासून आरंभ करावा, दर वेळी ३ ने गुणावे आणि १७ ने भागून उरणारी बाकी तेवढी घ्यावी. असे केले की १, ३, ९, १०, १३, ५, १५, ११, १६, १४, ८, ७, ४, १२, २, ६ असा क्रम मिळतो आणि पुन्हा १ येतो. सोळाही संख्या एकेकदाच येतात. एकही गळत नाही आणि एकीचीही पुनरुक्ती होत नाही. आता या मालेतील एक सोडून एक संख्या उचलल्या की आठ-आठ संख्यांचे दोन गट पडतात. पहिल्या गटात १, ९, १३, १५, १६, ८, ४, २ आणि दुसऱ्या गटात ३, १०, ५, ११, १४, ७, १२, ६. दोन्ही गटांच्या अंतरांची बेरीज उणे १ आहे, हे आधीच ठाऊक होते. कार्लला दिसले की या दोन गटांच्या बेरजांचा गुणाकार नेमका उणे ४ येतो. ज्या दोन संख्यांची बेरीज आणि गुणाकार ठाऊक असतो, त्या वर्गसमीकरणाने काढता येतात. येथे येणाऱ्या उत्तरात १७ चे वर्गमूळ असते.

हीच युक्ती पुन्हा वापरता येते. पहिल्या गटातील एक सोडून एक संख्या उचलल्या की १, १३, १६, ४ असा चारांचा गट मिळतो आणि त्याची बेरीज दुसऱ्या वर्गसमीकरणाने निघते. त्यातून १ आणि १६ ही जोडी तिसऱ्या वर्गसमीकरणाने वेगळी होते. हे दोन बिंदू उजवीकडील बिंदूच्या वर-खाली सारख्याच अंतरावर असतात. त्यामुळे त्यांची आडवी अंतरे समान असतात. जोडीची बेरीज निम्मी केली की बिंदूची जागा हाती येते. सोळांचे आठ, आठांचे चार, चारांचे दोन. प्रत्येक पायरीवर लागते ते केवळ एक वर्गमूळ आणि कोणत्याही लांबीचे वर्गमूळ पट्टी व कंपास यांनी काढता येते. म्हणून १७ बाजूंचा सुसम बहुभुजही काढता येतो.

७ या संख्येशी तुलना केली की १७ चे वैशिष्ट्य अधिक स्पष्ट होते. ७ मधून १ वजा केल्यावर ६ उरतात आणि ६ म्हणजे २ × ३. तेथे कोठेतरी तीन भाग पाडण्याची पायरी येते. त्या पायरीवर त्रिघाती समीकरण सोडवावे लागते. ते पट्टी आणि कंपास यांच्या आवाक्याबाहेरचे आहे. १३ चीही तीच स्थिती आहे, कारण १२ मध्ये ३ लपलेला आहे. ११ च्या बाबतीत १० मधला ५ आडवा येतो. कंपासाने काय काढता येईल आणि काय काढता येणार नाही, हे त्या संख्येच्या घडणीत आधीच ठरलेले असते. फर्मा यांच्या रांगेतील मूळ संख्या आणि ग्रीकांचे भूमितीतील कोडे या दोन गोष्टी अशा रीतीने एकाच सूत्रात गुंफल्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी, ३० मार्चला, कार्लने एक लहानशी वही सुरू केली आणि हा शोध तिच्यात पहिली नोंद म्हणून लिहिला. त्याच वर्षीच्या १ जून रोजी येना येथील एका विद्वन्मान्य नियतकालिकात शोधाची घोषणा प्रसिद्ध झाली. ब्राउनश्वाइगचे प्राध्यापक त्सिमरमान यांनी तिला दुजोरा देणारा मजकूर जोडला होता. भाषा की गणित, हा प्रश्न आता उरला नाही. गाउस यांनी गणिताची वाट निवडली. या वाटेवर पोटापाण्याची हमी नव्हती. हाती होते ते ड्यूकचे साहाय्य आणि स्वतःच्या बुद्धीवरचा नवा विश्वास.

ती वही गाउस यांनी १८१४ पर्यंत वापरली. तीत १४६ त्रोटक नोंदी आहेत आणि त्यांतील कित्येक शोध त्यांनी हयातीत प्रसिद्धच केले नाहीत. काम पूर्ण पिकल्याशिवाय बाहेर काढायचे नाही, असा त्यांचा बाणा होता. त्यांच्या मुद्रेवर मोजकीच फळे असलेले झाड कोरलेले होते. त्यांच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी ही वही अभ्यासकांच्या हाती आली. दुसऱ्यांच्या नावे प्रसिद्ध झालेले काही शोध गाउस यांनी कितीतरी आधी लावले होते, हे तेव्हा जगाला कळले.

१८०१ साली त्यांचा अंकगणितावरील लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचा छपाईचा खर्चही ड्यूकनी दिला होता आणि तो त्यांनाच अर्पण केलेला होता. ग्रंथाचे सात भाग असून शेवटच्या भागात वर्तुळाच्या विभागणीचा संपूर्ण सिद्धांत आहे. मूळ संख्येइतक्या बाजूंचा सुसम बहुभुज काढायचा असेल, तर ती विषम मूळ संख्या फर्मा यांच्या रांगेतील असली पाहिजे, असे गाउस यांनी तेथे सांगितले. अन्य मूळ संख्यांच्या बाबतीत हे अशक्यच आहे, हेही त्यांनी निक्षून लिहिले. मात्र त्या अशक्यतेची सिद्धता दिली नाही. ती फ्रेंच गणितज्ञ पिएर वान्त्सेल यांनी १८३७ साली प्रसिद्ध केली.

त्याच वर्षी आकाशातही गाउस यांच्या गणिताची कसोटी लागली. १ जानेवारी १८०१ रोजी इटलीतील खगोलशास्त्रज्ञ पियात्सी यांना सिरीस हा ग्रहासारखा बिंदू दिसला होता; पण काही आठवड्यांतच तो सूर्याच्या तेजात हरवला. थोड्याशा निरीक्षणांवरून गाउस यांनी त्याची कक्षा काढली आणि वर्ष संपता संपता तो त्यांनी सांगितलेल्या जागेजवळ पुन्हा सापडला. युरोपभर त्यांचे नाव झाले.

१८०६ साली मात्र त्यांच्या जीवनाचा मोठा आधार तुटला. नेपोलियनच्या सैन्याशी लढताना ड्यूक जबर जखमी झाले आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. ब्राउनश्वाइग फ्रेंचांच्या ताब्यात गेले. त्या धामधुमीत एक फ्रेंच सेनापती गाउस यांची सुरक्षितता पाहण्याची व्यवस्था करू लागला. त्याला तशी विनंती सोफी जेर्में या पॅरिसमधील तरुण विदुषीने केली होती. गाउस यांचा ग्रंथ अभ्यासून ती त्यांच्याशी लब्लां या पुरुषी नावाने पत्रव्यवहार करीत असे. कारण स्त्रीच्या गणिताकडे कोणी गंभीरपणे पाहील, असा भरवसा तिला नव्हता. खरी हकीकत कळल्यावर गाउस यांना तिच्याविषयी अधिकच आदर वाटला.

१८०७ साली गाउस ग्यॉटिंगेनच्या वेधशाळेचे संचालक झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. १८०९ मध्ये त्यांची पत्नी योहाना बाळंतपणानंतर मरण पावली आणि काही महिन्यांत ते तान्हे मूलही गेले. पुढच्या वर्षी त्यांनी दुसरा विवाह केला. पण हे दुःख त्यांना फार काळ पुरले. तरीही काम थांबले नाही. हानोवर राज्याच्या भूमापनासाठी ते उन्हातान्हात डोंगरमाथ्यांवरून हिंडले. दूरच्या ठिकाणी सूर्यकिरण परावर्तित करणारे उपकरण त्यांनी त्यासाठी तयार केले. १८३३ साली विल्हेल्म वेबर यांच्या साथीने त्यांनी विजेच्या तारेने संदेश पाठवणारे यंत्र चालवून दाखवले. ज्या आईने त्यांच्या शिक्षणाची बाजू घेतली होती, ती अखेरची बावीस वर्षे त्यांच्याच घरी राहिली. शेवटी तिची दृष्टी गेली होती. १८३९ साली तिचे निधन झाले.

सतराच्या पुढची वाट इतरांनी चालून पाहिली. १८३२ साली रिशेलो यांनी २५७ बाजूंच्या बहुभुजाची रचना प्रसिद्ध केली. हेर्मेस यांनी तर ६५,५३७ बाजूंच्या रचनेवर सुमारे दहा वर्षे खर्च केली. त्यांचे प्रचंड हस्तलिखित ग्यॉटिंगेन विद्यापीठात जपून ठेवले आहे. त्यानंतरची फर्मा यांच्या रांगेतील एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही आणि ती मुळीच नाही, असेही कोणाला सिद्ध करता आलेले नाही.

२३ फेब्रुवारी १८५५ रोजी ग्यॉटिंगेन येथे गाउस यांचे निधन झाले. आपल्या थडग्यावर १७ बाजूंची आकृती असावी, अशी त्यांची इच्छा होती, असे सांगतात. थडग्यावर ती नाही. ब्राउनश्वाइग येथे १८८० साली उभारलेल्या त्यांच्या पुतळ्याच्या चौथऱ्यावर मात्र १७ टोकांची चांदणी कोरलेली आहे. १७ बाजूंचा बहुभुज दगडावर कोरला, तर पाहणाऱ्याला तो वर्तुळासारखाच भासतो. चांदणी मात्र मोजून पाहता येते.

या आकृतीने कोणाचे घर बांधले गेले नाही की कोणाला धन मिळाले नाही. गाउस यांनी पुढे याहून कितीतरी उपयुक्त कामे केली. तरीही गवंड्याच्या घरातील एका मुलाला आपल्या आयुष्याचे काम कोणते, हे ज्या सकाळी उमगले, ती सकाळ १७ या संख्येची होती. ती संख्या युक्लिडच्या काळीही तशीच होती. तिची घडण नीट निरखून पाहणारा मात्र दोन हजार वर्षांनी जन्माला आला.